न दिसणारी सही आणि मोरपंखी शालू

प्रश्न : भडगावात माझा फोटो स्टुडिओ आहे. लग्नाचे फोटो मी कोपऱ्यात स्टुडिओचं नाव टाकून व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवतो. लोक कोपरा कापून ते पुढे फिरवतात. एकदा तर माझाच फोटो दुसऱ्या एका स्टुडिओच्या फ्लेक्सवर झळकला. फोटोत न दिसणारी खूण घालता येते म्हणतात. ती न दिसता राहते कशी? दुसरी डोकेदुखी रंगाची. नवरीचा मोरपंखी शालू माझ्या मॉनिटरवर एका रंगाचा, तिच्या भावाच्या फोनवर दुसऱ्या आणि करिझ्मा अल्बममध्ये तिसऱ्याच. खरा कोणता?
— एक स्टुडिओचालक, भडगाव

उत्तर : दोन्ही प्रश्नांचं मूळ एकच आहे. माणसाच्या डोळ्याला काय कळतं आणि काय कळत नाही, हे कुणीतरी मोजून ठेवलं म्हणून न दिसणारी खूण जमली आणि पडद्याचा रंग जुळवणंही जमलं.

हे मोजमाप झालं इंग्लंडमध्ये, 1920 च्या दशकाच्या अखेरीस. डब्ल्यू. डी. राइट यांनी 10 माणसं बसवली, जॉन गिल्ड यांनी 7. प्रत्येकाला एका छिद्रातून अर्ध्या भागात एक रंग दाखवायचा आणि दुसऱ्या अर्ध्यात लाल, हिरवा, निळा असे तीन दिवे कमी-जास्त करून तोच रंग जुळवायला सांगायचं. या 17 जणांच्या नोंदींवरून 1931 मध्ये ‘प्रमाण निरीक्षक’ ठरला, म्हणजे सरासरी माणसाचा डोळा, आकड्यांत मांडलेला. त्यात पुढे थोड्या दुरुस्त्या झाल्या, पण आजही तुमचा मॉनिटर, नवरीच्या भावाचा फोन आणि अल्बम छापणारं यंत्र त्याच 17 जणांच्या नजरेला प्रमाण मानतात. त्यांत खानदेशातलं कुणी नव्हतं, तरी काम भागतं, कारण रंग ओळखणारा डोळा सगळीकडे बराचसा सारखाच असतो.

या मोजमापातून निघालेली एक गोष्ट ध्यानात ठेवा. पडद्यावरचा पांढरा रंग घेतला, तर त्यातल्या उजेडाची जाणीव सुमारे 72 टक्के हिरव्यामुळे होते, 21 टक्के लालमुळे आणि निळ्यामुळे जेमतेम 7 टक्के. निळ्यात थोडी उलथापालथ केली तरी डोळा तक्रार करत नाही. 1997 मध्ये कुटर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी खूण लपवायला निळाच निवडला, तो त्यामुळेच.

आता खूण न दिसता राहते कशी ते पाहू. तुमचा 12 मेगापिक्सेलचा फोटो म्हणजे सव्वा कोटीच्या आसपास ठिपके, आणि प्रत्येक ठिपक्याचा उजेड 0 ते 255 मधला एक आकडा. तुमच्याकडे एक गुप्त क्रमांक आहे असं धरा. त्यावरून संगणक फोटोत ठिपक्यांच्या 10,000 जोड्या निवडतो. प्रत्येक जोडीतल्या पहिल्या ठिपक्याचा आकडा 2 ने वाढवायचा, दुसऱ्याचा 2 ने कमी करायचा. 140 चा 142 झाला तर कुणाच्या बापाला कळत नाही. पुढे कधी वाद झाला, की त्याच जोड्या काढून पहिल्यातून दुसरा वजा करायचा आणि सगळ्या वजाबाक्यांची बेरीज घ्यायची. खूण नसलेल्या फोटोत ही बेरीज शून्याच्या आसपास, साधारण दहा हजार इकडे किंवा तिकडे येते. तुमच्या फोटोत मात्र ती 40,000 च्या आसपास सरकलेली असते. निव्वळ योगायोगाने तेवढी सरकण्याची शक्यता पंधरा-सोळा हजारांत एखादीच. जोड्या वाढवल्या तर आणखी कमी. गुप्त क्रमांक माहीत नसलेल्याला त्या जोड्याच सापडत नाहीत, मग खोडणार काय? एमआयटीतल्या वॉल्टर बेंडर आणि मंडळींनी 1990 च्या दशकात मांडलेली ही पद्धत आहे. मला ती आवडते, कारण शाळेतल्या बेरीज-वजाबाकीपलीकडे तीत काही नाही.

अडचण पुढे येते. व्हॉट्सअ‍ॅप फोटो लहान करतं आणि दाबतं. दाबण्याची जी जेपेग पद्धत आहे, तिचा धंदाच मुळी डोळ्याला न दिसणारं फेकून देण्याचा. म्हणजे तुम्ही जिथे लपायला गेलात, तीच जागा सगळ्यात आधी झाडली जाते! शिवाय फोटो कापला की ठिपक्यांचे पत्ते बदलतात आणि जोड्या चुकतात. इंगेमार कॉक्स आणि त्यांच्या साथीदारांनी 1997 मध्ये यावर उलटा विचार मांडला. खूण कोपऱ्यात, अडगळीत घालू नका. फोटोचा जो भाग डोळ्याला महत्त्वाचा वाटतो, ठळक उजेड-सावलीचा, त्यातच पातळ करून पसरवा. त्यांनी फोटोतल्या अशा 1,000 सगळ्यात वजनदार घटकांत ती थोडी थोडी वाटली. मग ती पुसायला निघालेल्याला फोटोच पुसावा लागतो. आज चांगल्या वॉटरमार्कचा हाच पाया आहे. फोटोशॉपमध्ये 1996 पासून अशी सोय होती, डिजिमार्क कंपनीची. आता कृत्रिम बुद्धिमत्तेने बनवलेल्या चित्रांवर गुगल 2023 पासून ‘सिंथआयडी’ नावाची न दिसणारी खूण घालतं, तीही याच घराण्यातली.

लपवलेल्या खुणेचा जुना धंदा तर तुमच्या कजगाव स्टेशनावरून जाणाऱ्या लोहमार्गावरच चालतो. एका बाजूला नाशिक रोडचा नोटांचा छापखाना, दुसऱ्या बाजूला भुसावळ-इटारसीपलीकडे होशंगाबादची, म्हणजे आताच्या नर्मदापुरमची, 1968 पासूनची नोटांच्या कागदाची गिरणी. तिथे कागदाचा लगदा ओला असतानाच कुठे जाड, कुठे पातळ बसवतात, म्हणून उजेडासमोर धरल्यावर गांधीजींचा चेहरा उमटतो. इटलीत फाब्रियानोच्या कागदवाल्यांनी तेराव्या शतकाच्या शेवटी सुरू केलेली ही युक्ती. नोटेतली खूण मात्र कुणालाही पाहता यावी म्हणून असते. तुमची फक्त तुम्हालाच सापडावी म्हणून. दोन्हींना वॉटरमार्क म्हणत असले तरी हेतू उलटे आहेत, आणि तुम्हाला नेमकं काय हवंय ते आधी ठरवा. लोकांनी तुमचं नाव वाचावं असं वाटत असेल, तर ते चेहऱ्याच्या किंवा शालूच्या जवळ, फिकट पण कापता न येईल असं टाका. न दिसणारी खूण जाहिरात करत नाही, फक्त पुरावा देते.

पुरावा कशाचा, हेही ऐकून घ्या, कारण इथे बऱ्याच स्टुडिओवाल्यांचा गैरसमज असतो. 1957 च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम 17 नुसार, कुणी मोबदला देऊन आपल्यासाठी फोटो काढून घेतला, तर वेगळा करार नसल्यास त्या फोटोच्या कॉपीराइटचा पहिला मालक तो पैसे देणारा असतो. म्हणजे लग्नाच्या फोटोंचे मालक वरपिता-वधूपिता, तुम्ही नाही! तुमच्याकडे राहतो तो फोटो आपण काढला हे सांगण्याचा हक्क (कलम 57). त्या फ्लेक्सवाल्याने तुमचा फोटो स्वतःचा म्हणून लावला असेल, तर तुमचं बोट तिथे ठेवता येतं. हक्काची माहिती देणारी खूण जाणूनबुजून, परवानगीशिवाय काढून टाकणं हा 2012 च्या दुरुस्तीपासून गुन्हा आहे, दोन वर्षांपर्यंत कैद आणि दंड. म्हणून बयाणा घेताना पावतीवर दोन ओळींचा करार लिहून घ्या. कुठल्याही सॉफ्टवेअरपेक्षा त्याचा उपयोग जास्त.

आता शालू. तुम्ही विचारता खरा रंग कोणता. खरा तो, जो दिवसाउजेडी कापडावर दिसतो. बाकी तिन्ही त्याच्या नकला. प्रत्येक पडदा लाल, हिरवा, निळा आपापल्या परीने दाखवतो. फोटोत लिहिलेले आकडे सारखेच असतात, पण एका पडद्याचा हिरवा जास्त भडक, दुसऱ्याचा पांढरा निळसर. हा गोंधळ आवरायला 1993 मध्ये आंतरराष्ट्रीय रंग संघटना स्थापन झाली आणि प्रत्येक यंत्राची ‘प्रोफाइल’, म्हणजे त्याचं रंगांचं वर्तन लिहिलेली फाइल, बनवायची रीत पडली. 1996 मध्ये एचपी आणि मायक्रोसॉफ्टने एसआरजीबी हे सामाईक माप सुचवलं. बाजारातले बहुतेक पडदे त्याच्या आसपास असतात, पण आसपासच.

कॅलिब्रेशन म्हणजे बाजार समितीचा वजनकाटा प्रमाणित वजनं ठेवून तपासावा, तसा पडदा तपासणं. एक छोटं उपकरण मॉनिटरवर टांगतात. सॉफ्टवेअर एकामागून एक रंगांचे चौकोन दाखवतं, उपकरण ते मोजतं, आणि अपेक्षित आकडा व मोजलेला आकडा यांतल्या फरकावरून दुरुस्ती होते. दोन रंगांतला हा फरक ‘डेल्टा ई’ने सांगतात, 1 च्या आसपास असेल तर शेजारी शेजारी ठेवूनही क्वचितच ओळखू येतो, 5 च्या वर गेला की नवरीची मावशी पहिल्या नजरेत बोलते. पांढऱ्यासाठी 6500 केल्विन, गॅमा 2.2 आणि उजेड दर चौरस मीटरला 100 ते 120 कँडेला हे माप दुकानात ठीक. नव्या मॉनिटरचा उजेड मुळात याच्या दुप्पट-तिप्पट असतो. म्हणून तुम्हाला पडद्यावर उजळ दिसलेला फोटो अल्बममध्ये काळवंडतो, आणि शिव्या लॅबला बसतात. स्टुडिओच्या भिंती पोपटी किंवा गुलाबी असतील तर आधी मॉनिटरमागची भिंत करड्या रंगाची करा, मगच उपकरणावर पैसे घाला.

मोरपंखी मात्र मुळातच अवघड गिऱ्हाईक आहे. रेशमावरचा गडद हिरवा-निळा रंग बऱ्याचदा एसआरजीबीच्या आवाक्याबाहेर जातो, त्यामुळे पडदा त्याच्या जवळचा, थोडा फिका रंग दाखवून वेळ मारून नेतो. छपाईच्या चार शायांना राणी रंग झेपत नाही, तसाच. त्यातून शालू धूपछाव विणीचा असेल, ताणा एका रंगाचा आणि बाणा दुसऱ्या, तर तो मान वळवली की बदलतो. तिथे कॅलिब्रेशनचा काही इलाज चालत नाही. तुम्ही एवढं करू शकता : प्रत्येक जागी एक फोटो करड्या कार्डासह किंवा 24 चौकोनांच्या रंगपट्टीसह काढा (ती पट्टी 1976 पासून जगभर वापरात आहे), लॅबकडून त्यांच्या यंत्राची प्रोफाइल मागवा आणि छापण्याआधी त्या प्रोफाइलमधून फोटो पाहा. नवरीच्या भावाच्या फोनचं काही करता येणार नाही. त्यात ‘व्हिव्हिड’ चालू असतं आणि रात्री पडदा पिवळा होतो.

प्रश्न : कपाशीचं पान लालसर पडलं म्हणून फोटो पाठवला, तर सल्लागार म्हणाले पान चांगलं दिसतंय. फोनवर विश्वास ठेवावा का?
— एक शेतकरी, भडगाव तालुका

उत्तर : फोनचा कॅमेरा स्वतःच ठरवतो की पांढरं काय, आणि त्याप्रमाणे सगळा फोटो सरकवतो. नुसत्या लालसर पानाने फोटो भरलात तर तो लाली ‘दुरुस्त’ करून टाकतो, आणि ‘लाल्या’ रोग गायब! पानाशेजारी कोरा पांढरा कागद ठेवा, सावलीत उभे राहा, पण सकाळ-संध्याकाळचं तांबूस ऊन टाळा, आणि एक निरोगी पान त्याच फोटोत घ्या. केळीवरच्या हरण्या रोगाचे पिवळे पट्टे पाठवतानाही हेच करा. तुमच्या कापसाची प्रतवारी करणारी यंत्रंही रंग डोळ्याने ठरवत नाहीत. रुई किती उजेड परत टाकते आणि किती पिवळी आहे, असे दोन आकडे काढून ती दर्जा लावतात. ती यंत्रंही अधूनमधून ठरावीक रंगाच्या फरश्या ठेवून तपासावी लागतात.

प्रश्न : अजिंठ्याच्या चित्रांचे फोटो एका पुस्तकात पिवळट, दुसऱ्यात निळसर. कोणते खरे मानायचे?
— एक विद्यार्थिनी, भडगाव

उत्तर : पिवळटपणाचा दोष छापखान्यालाच देऊ नकोस. 1920 ते 1922 च्या दरम्यान निजाम सरकारने बोलावलेल्या इटालियन तज्ज्ञांनी, लोरेन्झो चेक्कोनी त्यांचे प्रमुख, चित्रं टिकावीत म्हणून त्यांवर लाखेचं पातळ लेपन दिलं. काळाबरोबर ते पिवळं पडलं, आणि नंतर पुरातत्त्व खात्याला ते ठिकठिकाणी काढत बसावं लागलं. म्हणजे वेगवेगळ्या काळी घेतलेल्या फोटोंत चित्राचाच रंग वेगळा आहे. त्याआधीचा रंग पाहायचा तर जे. जे. स्कूलच्या जॉन ग्रिफिथ्स आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी 1872 ते 1885 मध्ये केलेल्या नकला आहेत, पण त्यांतल्या बऱ्याच 1885 च्या लंडनमधल्या आगीत जळाल्या. मेजर रॉबर्ट गिल यांच्या बहुतेक नकला तर त्याआधीच, 1866 मध्ये, क्रिस्टल पॅलेसच्या आगीत गेल्या होत्या. फोटो निवडताना एक खूण बघ : चित्रात मुकुटावर किंवा पार्श्वभूमीला जो निळा आहे तो अफगाणिस्तानातून आलेल्या लाजवर्दाचा आहे. तो हिरवट किंवा करडा दिसत असेल तर तो फोटो लेपावरून घेतला आहे किंवा छापताना पिवळा झाला आहे. गुहेत गेलीस तर फ्लॅशला बंदी आहे, आणि मंद दिव्यात डोळ्याला सरावायला काही मिनिटं द्यावी लागतात. पहिल्या मिनिटाला जे तपकिरी वाटतं त्यातलं बरंच नंतर हिरवं निघतं.