एक दिवस आल्पुहारासाठी काढ

अगं, बाबांनी एवढं कर्ज काढलंय आणि मी कशी फिरू, असं तू परवा फोनवर म्हणालीस, तेव्हापासून मला चैन नाही. तुझ्यासारखीच मीही ग्रानादात शिकत असताना हाच विचार मलाही छळायचा. मोठी बहीण म्हणून सांगते, स्वस्त विमानं पकडून दोन दिवसांत तीन शहरं पालथी घालणाऱ्या मैत्रिणींच्या मागे नाही गेलीस तरी काही बिघडत नाही. पण बसने जाऊन संध्याकाळी परत येण्याजोगं आल्पुहारा चुकवू नकोस.

या आल्पुहारात, सिएरा नेवाडा पर्वताच्या दक्षिण उतारावर, पोकेइरा नदीच्या दरीत पांपानेइरा, बुबियॉन आणि कापिलेइरा ही तीन पांढरी गावं एकावर एक बसली आहेत. एका दिवसात तेवढीच बघ. सकाळची पहिली बस घे आणि खाली न उतरता थेट कापिलेइरापर्यंत जा. ते १,४०० मीटरच्याही वर आहे. तिथून पायवाटेने बुबियॉन, मग पांपानेइरा असं उतरत ये. उलटं केलंस तर सगळा चढ अंगावर येईल. बूट चांगल्या पकडीचे घाल आणि स्वेटर घे. ग्रानादात ऊन असलं तरी वर बोचरा वारा असतो.

चुन्याच्या भिंतींचे फोटो सगळेच काढतात. तू छपरं बघ. आजीच्या सोलापूरकडच्या घराचं माळवद आठवतंय ना? तशीच सपाट छपरं आहेत ही. चेस्टनटच्या लाकडाच्या तुळया, त्यांवर दगडी फरशा आणि वर लाउना नावाची करडी चिकणमाती. ओली झाली की ती घट्ट बसते आणि पाणी आत येऊ देत नाही. गल्ल्यांवरून काही घरांचे मजले पुलासारखे पुढे आलेले दिसतील, त्यांना तिनाओ म्हणतात. बर्फाचं वितळलेलं पाणी डोंगरावरून शेतांपर्यंत आणणारे पाटही दिसतील. त्यांच्याकडे मात्र घाईने बघू नकोस.

कारण ते पाट आणि ही घरं बांधण्याची रीत ज्यांनी इथे रुजवली, त्यांना इथे राहू दिलं गेलं नाही. १४९२ मध्ये ग्रानादाचं मुसलमानी राज्य ख्रिस्ती राजांच्या हाती पडलं, आणि पुढे मुसलमानांना बळजबरीने ख्रिस्ती करण्यात आलं. त्यांना मोरिस्को म्हणत. त्यांची भाषा, पेहराव, रीतिरिवाज यांवर बंदी आली, तेव्हा १५६८ च्या डिसेंबरात याच डोंगरांत त्यांनी उठाव केला. तो १५७१ पर्यंत चिरडला गेला, मोरिस्कोंना ग्रानादाच्या राज्यातून हाकललं गेलं आणि त्यांच्या घरांत उत्तरेकडून आणलेली कुटुंबं वसवली गेली. तू अल्हाम्ब्रा बघितलास, तो राजांचा महाल. साध्या शेतकऱ्यांचं काय झालं ते इथे कळतं. इतिहास शिकायला गेली आहेस ना, मग हाही अभ्यासच आहे.

आता पोटाचं. इथलं प्रसिद्ध ताट म्हणजे बटाटे, अंडं आणि सोबत डुकराच्या मांसाचे प्रकार. तू खात नाहीस, म्हणून ‘पातातास आ लो पोब्रे’ माग. ऑलिव्हच्या तेलात मंद शिजवलेले बटाटे, सोबत हिरवी ढोबळी मिरची आणि कांदा. नुसतं ‘मांस नको’ म्हणून भागत नाही, कारण हामोनला, म्हणजे खारवून सुकवलेल्या डुकराच्या मांडीला, कित्येक जण मांसात धरतच नाहीत. ‘हामोनही नको’ असं स्पष्ट सांग. दुपारी बरीच दुकानं बंद होतात. चिंध्यांपासून विणलेली सतरंजी, तिला तिथे हारापा म्हणतात, घ्यायची असेल तर त्याआधी घे. आणि लोकांच्या दारांतून, खिडक्यांतून मोबाइल आत घालू नकोस गं. म्हातारी माणसं उंबऱ्याशी बसलेली असतात. आधी ‘बुएनोस दियास’ म्हण, मग पुढे जा.

एकटी जायला घाबरू नकोस, पण परतीच्या शेवटच्या बसची वेळ सकाळीच विचारून ठेव. त्या वाटेवर बस थोड्याच असतात. आणि रात्री आईला फोन करशील तेव्हा लायब्ररीत होते असं सांगू नकोस. कुठे गेलीस, काय खाल्लंस, सगळं खरं सांग. बाबांशी मी बोलले आहे, त्यांना आनंदच होईल.