फुप्फुसातील पहारा : सांडपाण्यावरील शेती आणि जंतसंसर्ग

बंगळूरु येथे सर्जापूर रोडजवळ बेळंदूर तलाव आहे. शहराचे सांडपाणी या तलावात व पुढे वर्तूर तलावात येते आणि त्या पाण्यावर परिसरात चारा व भाजीपाला पिकविला जात आला आहे. पुण्यातही मुंढवा येथून प्रक्रिया केलेले सांडपाणी सिंचनासाठी कालव्यात सोडले जाते. अशा पाण्यातील अन्नद्रव्ये पिकास उपयुक्त असली, तरी प्रक्रिया अपुरी राहिल्यास त्यात जंतांची अंडी टिकून राहतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार कच्च्या खाल्ल्या जाणाऱ्या पिकांसाठीच्या पाण्यात लिटरमागे एकापेक्षा जास्त अंडे नसावे.

अळीचा प्रवास

गोलकृमीची अंडी पोटात गेल्यावर आतड्यात अळ्या बाहेर पडतात. त्या रक्तावाटे यकृतातून फुप्फुसात पोहोचतात, वायुकोश भेदून श्वासनलिकेतून घशाशी येतात आणि गिळल्या जाऊन पुन्हा आतड्यात स्थिरावतात. 1922 मध्ये जपानी संशोधक कोइनो यांनी स्वतः 2000 अंडी गिळून आपल्या थुंकीतील अळ्या दाखवून दिल्या. अंकुशकृमीच्या अळ्या अनवाणी पायाच्या त्वचेतून शरीरात शिरतात; त्यांचाही मार्ग फुप्फुसातूनच जातो.

शरीराचा प्रतिकार

जिवाणूला पांढरी पेशी गिळू शकते. अळी मात्र पेशीच्या मानाने फारच मोठी असते. म्हणून जन्मजात प्रतिकारशक्ती येथे निराळी पद्धत अवलंबते. इजा झालेल्या अस्तरपेशी 'आयएल-33' सारखे धोक्याचे रासायनिक संदेश सोडतात. त्यामुळे 2010 मध्ये ओळख पटलेल्या 'आयएलसी-2' पेशी जागृत होतात. त्यांच्या संदेशाने श्लेष्मा वाढतो आणि इओसिनोफिल पेशी फुप्फुसात जमतात. उंदरांवरील प्रयोगांत वायुकोशातील मॅक्रोफेज पेशी अळीला चिकटून तिला दुर्बल करतात, असे आढळले आहे. अळीने पाडलेल्या जखमा भरून काढण्यासही याच पेशी साहाय्य करतात.

या प्रतिकाराची किंमत रुग्णाला मोजावी लागते. कोरडा खोकला, धाप व छातीत घरघर ही त्याची लक्षणे होत. या काळात आतड्यात प्रौढ जंत नसल्याने शौचतपासणीत अंडी दिसत नाहीत. गोलकृमीची अंडी दिसू लागण्यास संसर्गापासून दोन ते तीन महिने लागतात. म्हणून केवळ त्या तपासणीवरून जंतसंसर्ग नाही, असा निष्कर्ष काढू नये.

विस्तार कार्यकर्त्यांसाठी

- सांडपाण्यावरील शेतात गमबूट व हातमोजे वापरण्याचा आग्रह धरावा.
- अशा पाण्यावर कच्च्या खाण्याच्या भाज्या घेऊ नयेत.
- मैलायुक्त खत कच्चे वापरू नये. कंपोस्टच्या ढिगाचे तापमान अनेक दिवस 55 अंश सेल्सिअसपेक्षा अधिक राहील आणि ढीग वेळोवेळी उलटला जाईल, असे पाहावे.
- खोकला दोन आठवड्यांहून अधिक टिकल्यास प्रथम क्षयरोगाची तपासणी करून घ्यावी. शेतातील पाणी व खत यांची माहिती डॉक्टरांना द्यावी.

जंतनाशक गोळीने आतड्यातील जंत जातात. मातीतील अंडी मात्र अनेक वर्षे जिवंत राहू शकतात. त्यामुळे औषधाला शेतातील स्वच्छतेची जोड दिली, तरच पुनःसंसर्ग टळेल.