फॅन वाजतोय, वाजू दे

काल फोनवर तू बोलत होतीस आणि मागे घोंऽऽ चाललं होतं. मला वाटलं, शेजारची गिरणी एवढ्या रात्री कशी चालू? तर म्हणालीस, ‘लॅपटॉप आहे गं.’ आणि मग हळूच, ‘बाबांना नवीन घ्यायला सांगू का?’

आत्ता नको. भात नुकताच गिरणीला गेलाय, पैसे हातात यायचेत. बाबा तुला नाही म्हणणार नाहीत, पण कुठून आणायचे या विचारात रात्र रात्र जागतील. आधी माझं ऐक.

फॅन ओरडतो म्हणजे तो बिघडला असं नव्हे. आतला प्रोसेसर तापला की त्याला गार करायला फॅन जोरात फिरतो. बहुतेक प्रोसेसर १०० अंशांच्या आसपास तग धरतात. तिथवर पोचले की आपणच वेग कमी करतात आणि त्यानेही भागलं नाही तर लॅपटॉप पटकन बंद पडतो. परीक्षेच्या वेळी सगळं अडकत होतं ना, त्याचं खापर तू नेटवर फोडलंस; मला तरी ही उष्णताच वाटते. तेव्हा आवाज नको म्हणून फॅनचा वेग कमी करायच्या भानगडीत पडू नकोस. तळ चटके देतोय आणि फॅन मात्र गप्प, असं झालं तर घाबरायचं.

आवाज कसला आहे तेही नीट ऐक. वाऱ्यासारखा सलग असेल तर बहुधा हवेची वाट तुंबलीय. खरखर, कटकट असेल तर बेअरिंग झिजलंय किंवा पात्याला काही घासतंय. बेअरिंग गेलं असेल तर नुसत्या सफाईने भागत नाही, फॅनच बदलावा लागतो. पण तेवढा एक फॅन बदलून मिळतो गं, त्यासाठी लॅपटॉप टाकून द्यायची गरज नसते.

तुझ्या बाबतीत मला वाट तुंबल्याचाच संशय आहे. तुझ्या खोलीची खिडकी गिरणीकडे. दिवाळीनंतर घोटीत गिरण्या सुरू झाल्या की खिडकीच्या कठड्यावर बोट फिरव, कोंड्याची पूड हाताला लागते. फॅन तीच हवा आत ओढतो. त्यात आपल्याकडचा पावसाळा, चार महिने कपडे धड वाळत नाहीत. दमट हवेत ती पूड फॅनच्या पुढच्या बारीक पत्र्यांवर थापून बसते. बाहेरून फुंकर मारली तर वरची उडते, आतला थर तसाच राहतो. तो मागचं झाकण उघडूनच निघतो.

दादा म्हणेल, चल, महामार्गावरच्या पंक्चरवाल्याकडे हवा मारून आणू. अजिबात नको! त्या हवेला जोर फार, शिवाय टाकीतलं पाणी आणि तेलही तिच्याबरोबर येतं. घरी काही करायचंच असेल तर लॅपटॉप बंद कर, चार्जर काढ आणि मऊ, कोरड्या ब्रशने खालच्या जाळ्या झाड. बस.

आणि ती गोधडी! थंडीत पांघरुणात बसून, मांडीवर गोधडी, गोधडीवर लॅपटॉप. खालच्या जाळ्या कापडाने बंद झाल्यावर फॅन बिचारा कुठून हवा ओढणार? टेबल नसेल तर पाट घे, मागची बाजू दोन वह्यांवर टेकव. कूलिंग पॅडवर पैसे घालायची घाई नको.

दुकानात न्यायच्या आधी टास्क मॅनेजर उघड आणि कोण जास्त खातंय ते बघ. ब्राउझरमध्ये तीस टॅब उघडे ठेवायची तुझी सवय मला माहीत आहे. पॉवर ऑप्शन्समध्ये ‘मॅक्सिमम प्रोसेसर स्टेट’ दिसलं तर १०० चं ९९ कर. दिसायला एकाचाच फरक, पण बऱ्याच लॅपटॉपमध्ये प्रोसेसरची जोराची धाव तेवढ्याने थांबते आणि तळ निवतो. नोट्स लिहायला ती धाव लागतेच कुठे?

एवढं करूनही घरघर राहिली तर सफाई करून घे. लॅपटॉपला तीन-चार वर्षं झालीत, तेव्हा थर्मल पेस्टही बदलायला सांग. पैसे आधी ठरव. दुकानदार फॅन बदलला म्हणाला तर जुना मागून घे. आणि हे फक्त तुला सांगते: जायच्या आधी तुझे फोटो, कागदपत्रं पेनड्राइव्हवर काढून ठेव, पासवर्ड देऊ नकोस. फॅन साफ करायला पासवर्ड लागत नाही. जमलं तर समोर बसूनच करून घे, मैत्रिणीला सोबत ने.

एक गोष्ट मात्र आजच बघ. लॅपटॉप बंद करून सपाट फरशीवर ठेव. डुगडुगतोय का? टचपॅड वर आल्यासारखं वाटतंय का? तसं असेल तर बॅटरी फुगलीय. मग चार्जिंगला लावू नकोस, दाबू नकोस, सुरूही करू नकोस. लगेच मला फोन कर, बाबांशी मी बोलते.