न दिलेले घेणे

उत्तेजक द्रव्यांचा विषय निघाला, की आम्ही विद्यार्थ्यांना पाचवे शील सांगत आलो. परंतु स्टॅनोझोलॉल नशा आणत नाही. ते स्नायूंचे बळ वाढवते. हा भंग खरे तर दुसऱ्या शीलाचा, अदिन्नादानाचा आहे.

२४ सप्टेंबर १९८८ रोजी सोल ऑलिंपिकमध्ये बेन जॉन्सन शंभर मीटर ९.७९ सेकंदांत धावला. तपासणीत हेच द्रव्य सापडले आणि तीन दिवसांनी त्याचे सुवर्णपदक काढून घेण्यात आले. ते कार्ल लुईसला मिळाले, हे सर्वज्ञात आहे. आम्हांस मात्र केल्व्हिन स्मिथ आठवतो. ९.९९ सेकंदांत चौथा आलेला हा धावपटू पुढे कांस्यपदकाचा मानकरी ठरला. पण सोलच्या मैदानावर पदके प्रदान झाली, तेव्हा तो विजयमंचावर नव्हता.