दसऱ्याची गाडी : धुणे, चमकवणे आणि जपणे



खंडेनवमी आणि दसरा जवळ आला की आपल्या गोव्यात घरोघरी गाड्या धुतल्या जातात. झेंडूची माळ, आंब्याचे टाळे, बॉनेटवर हळदकुंकू, चाकाखाली लिंबू हे सगळे आपण लहानपणापासून पाहतो. गेल्या वर्षी आम्ही विज्ञान मंडळाच्या मुलांनी ठरवले की आपल्या बाईंची गाडी आपण धुवायची. बाईंना न सांगता! गाडी गडद निळी, पावसाळ्यातल्या तांबड्या चिखलाने माखलेली. आम्ही कपडे धुण्याची पावडर आणली, भांडी घासायचा हिरवा स्क्रबर आणला आणि सर्वांनी मिळून गाडी चांगली घासली. सावलीत ती सुंदर दिसली. पण उन्हात नेल्यावर बॉनेटभर कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक गोल ओरखडे चमकू लागले. बाई काहीच बोलल्या नाहीत. "मनापासून केलंत ना, मग झालं," एवढेच म्हणाल्या. त्यामुळे आम्हाला जास्त वाईट वाटले. आपले कुठे चुकले हे शोधण्यासाठी आम्ही वर्षभर जो अभ्यास केला, तो इथे देत आहोत.

गाडीची कातडी

गाडीचा रंग एकाच थराचा नसतो. सर्वांत खाली पोलादाचा पत्रा. त्यावर गंज रोखणारा थर, मग प्रायमर, मग रंगाचा थर आणि सर्वांत वर पारदर्शक थर, ज्याला कारागीर क्लिअर कोट म्हणतात. हे सगळे थर मिळून साधारण १०० ते १५० मायक्रॉन भरतात. त्यात पारदर्शक थर सुमारे ४० ते ५० मायक्रॉनचा असतो. आपल्या डोक्याचा केस साधारण ७० मायक्रॉन जाड असतो. म्हणजे गाडीची सगळी चकाकी केसाहूनही पातळ अशा थरावर अवलंबून आहे! आम्ही स्क्रबरने घासला तो हाच थर. गुळगुळीत पृष्ठभागावरून प्रकाश एका दिशेने परत येतो, म्हणून तो चमकतो. ओरखड्यांवर प्रकाश इकडेतिकडे विखुरतो, म्हणून रंग फिका दिसतो.

आपली तांबडी माती ही जांभ्या दगडाची. तिच्यात लोहाचे ऑक्साइड असते आणि बारीक कठीण कणही असतात. कोरड्या फडक्याने धूळ पुसणे म्हणजे हे कण रंगावर घासणेच होय. रोज सकाळी फडके मारणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावे.

पहिली पायरी : धुणे

आधी नुसत्या पाण्याने चिखल भिजवून वाहून जाऊ द्यावा. मग गाडीसाठी मिळणारा शाम्पू वापरावा. हा शाम्पू साधारण उदासीन असतो, म्हणजे आम्लही नाही आणि अल्कलीही नाही. कपड्यांच्या पावडरीत धुण्याचा सोडा असतो. तो तेलकट मळ काढतो, पण गाडीवरचे मेणही काढून टाकतो.

हे ओळखण्याची सोपी युक्ती आपल्या स्वयंपाकघरातच आहे. आम्ही गाळण कागद हळदीच्या पाण्यात बुडवून वाळवला. त्यावर पावडरीच्या पाण्याचा थेंब टाकताच कागद तांबडा झाला. गाडीच्या शाम्पूने तो पिवळाच राहिला. मात्र भांड्यांच्या द्रवसाबणाने कागद पिवळा राहिला, तरी तो साबण गाडीला चालतो असे नाही. तेलतूप काढणे हेच त्याचे काम, आणि मेण हाही एक स्निग्ध पदार्थच.

बादल्या दोन घ्याव्यात. एकीत शाम्पूचे पाणी, दुसरीत साधे. हातमोज्यासारखा मऊ मिट दर वेळी साध्या पाण्यात पिळून मगच शाम्पूत बुडवावा. वरून खाली धुवावे. चाके सर्वांत शेवटी आणि वेगळ्या फडक्याने, कारण तिथे ब्रेकची लोखंडी भुकटी असते. पुसायला मायक्रोफायबरचे कापड उत्तम. पॉलिएस्टर आणि पॉलिअमाइड यांचे हे अतिशय बारीक धागे कण आपल्यात ओढून घेतात. पण हे कापड एकदा जमिनीवर पडले, तर धुतल्याशिवाय पुन्हा वापरू नये.

उन्हात गाडी धुऊ नये. पाणी चटकन वाळते आणि बोअरवेलच्या जड पाण्यातले क्षार पांढरे डाग होऊन बसतात. ताजे डाग पाणी घातलेल्या व्हिनेगरने निघतात. नंतर ती जागा स्वच्छ पाण्याने धुवावी.

चिकट डाग

पक्ष्यांच्या विष्ठेत युरिक आम्ल असते. उन्हात तिने रंगावर कायमचा डाग पडतो. ओले फडके ठेवून भिजवावी आणि अलगद उचलावी. समुद्राकाठी गाडी ठेवणाऱ्यांनी मीठ आठवड्याला धुवावे, गाडीच्या खालच्या बाजूनेही. मिठामुळे पाण्यातून वीज सहज वाहते आणि गंजण्याची क्रिया वेगाने होते. डांबराचे ठिपके डब्ल्यूडी-४० सारख्या द्रवाने मऊ होतात. हा द्रव १९५३ साली अमेरिकेत पाणी हटवून गंज रोखण्यासाठी तयार झाला. वापरल्यावर ती जागा शाम्पूने धुवावी.

धुऊनही बोटांना रंग खरखरीत लागला, तर क्ले बार वापरतात. ही एक प्रकारची मऊ चिकणमाती. साबणाच्या पाण्याचा ओलावा ठेवून ती हलकेच फिरवली की रुतलेले कण ओढून घेते. खाली पडलेला तुकडा मात्र फेकून द्यावा.

आता दसऱ्यापुरते. हळदकुंकू थेट रंगावर लावू नये. कागदावर किंवा नंबरपाटीच्या कडेला लावावे. झेंडूच्या ओल्या माळा दुसऱ्याच दिवशी काढाव्यात.

पॉलिश आणि वॅक्स : दोन वेगळ्या गोष्टी

इथे पुष्कळ जण गोंधळतात. पॉलिशमध्ये ॲल्युमिनियम ऑक्साइडसारखे बारीक घासणारे कण असतात. ते पारदर्शक थर किंचित झिजवून ओरखड्यांच्या कडा सपाट करतात. म्हणजे पॉलिश काढून घेते. वॅक्स वर थर चढवते. पॉलिश वारंवार केले, तर थर संपून जाईल. म्हणून ते क्वचित आणि जाणकाराच्या हातूनच करावे. पॉलिश करताना पांढऱ्या फडक्यावर गाडीचा रंग उतरला, तर त्या गाडीला पारदर्शक थर नाही असे समजावे. काही जुन्या गाड्यांचे असे असते.

वॅक्समध्ये कार्नोबा मेण प्रसिद्ध आहे. ते ब्राझीलमधील एका ताडवर्गीय झाडाच्या पानांवरून मिळते आणि सुमारे ८२ ते ८६ अंश सेल्सिअसला वितळते. म्हणून आपल्या उन्हातही ते टिकाव धरते. मॅग्वायर्स हे नाव १९०१ पासूनचे. त्याची सुरुवात लाकडी सामानाच्या पॉलिशने झाली होती. टर्टल वॅक्सची सुरुवात १९४१ साली शिकागोत झाली. नाव कोणतेही असो, बाटलीवर हे पॉलिश आहे की वॅक्स, ते आधी वाचावे. मेण काही आठवडे टिकते, कृत्रिम सीलंट काही महिने. सिलिका असलेले सिरॅमिक कोटिंग त्याहून जास्त टिकते, पण त्यावर ओरखडे पडतच नाहीत हा समज चुकीचा आहे.

करून पाहा : एका फरशीच्या अर्ध्या भागावर मेणबत्ती घासा आणि दोन्ही भागांवर पाण्याचा एकेक थेंब टाका. मेणावरचा थेंब अळूच्या पानावरच्या थेंबासारखा गोल राहील, दुसरा पसरेल. गाडीवर पाणी असे गोळा होईनासे झाले, की पुन्हा वॅक्स लावायची वेळ झाली.

जपून राहायच्या जागा

टायर काळाभोर करणारे सिलिकॉनचे द्रव फक्त बाजूच्या भिंतीला लावावे. जमिनीला टेकणाऱ्या भागाला, ब्रेकच्या चकतीला किंवा पेडलला ते लागले तर गाडी घसरते. दुचाकीच्या टायरला ते लावूच नये. समोरच्या काचेवर वॅक्स गेले तर वायपरने ते पसरते आणि रात्री समोरच्या दिव्यांनी काही दिसत नाही. चकाकीपेक्षा जीव मोठा.

चाके उजळवणाऱ्या काही द्रवांत तीव्र आम्ले असतात, त्यांना मुलांनी हात लावू नये. आम्ल आणि ब्लीच कधीही एकत्र करू नये, त्यातून विषारी क्लोरिन वायू निघतो.

पाण्याचाही हिशेब मांडू. शाळेच्या नळाखाली १५ लिटरची बादली दीड मिनिटात भरली, म्हणजे मिनिटाला १० लिटर. पाइप २० मिनिटे सोडला तर २०० लिटर पाणी जाते. आमचे काम चार बादल्यांत, ६० लिटरमध्ये झाले. आणि गाडी नदीत किंवा ओहोळात नेऊन धुणे तर पूर्ण बंद व्हावे. तेल आणि साबण त्याच पाण्यात उतरतात.

यंदा बाईंची परवानगी घेऊन आम्ही गाडी पुन्हा धुतली. आपल्या शाळेचे एक माजी विद्यार्थी हेच काम करतात, त्यांनी पॉलिश केले आणि वॅक्स आमच्याकडून लावून घेतले. जाळे गेले. दोन ओरखडे मात्र खोल होते. ते काढायला गेलो तर थरच संपेल, असे ते म्हणाले. "राहू द्या. ते पाहिले की तुमची आठवण येईल," बाई म्हणाल्या. हे ऐकून आम्ही सगळेच हसलो, पण गाडीला हात लावण्यापूर्वी बाटली वाचायची, हे आता आम्ही कोणीच विसरणार नाही.

स्वाध्याय

१. पॉलिश आणि वॅक्स यांतील फरक दोन वाक्यांत लिहा.
२. घरातील पाच साबणांची हळदीच्या कागदावर परीक्षा घ्या व तक्ता करा.
३. समुद्राकाठच्या गाड्या लवकर का गंजतात?
४. तुमच्या घरी गाडी धुवायला किती पाणी लागते ते मोजा. ते निम्म्यावर कसे आणाल?