परवलीच्या शब्दांचे घरगुती जतन

दुर्ग ओलांडून नागपूरकडे निघालेली गाडी रसमडा या लहानशा स्थानकावरून पुढे जाते. जवळच बोरईची औद्योगिक वसाहत आहे. पलीकडे भिलाईच्या पोलाद कारखान्याची पहिली झोतभट्टी ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते सुरू झाली. त्यानंतर देशाच्या अनेक भागांतून कामगार या परिसरात येऊन स्थायिक झाले. त्यांत मराठी कुटुंबेही होती. पाळीवर जाणाऱ्या अशा कामगाराच्या घरी बँकेचे पुस्तक, विम्याचा कागद, भविष्यनिर्वाह निधीची पावती ही सारी लोखंडी कपाटात असत, आणि किल्ली कोठे आहे हे घरातील दुसऱ्या एका माणसाला तरी ठाऊक असे.

आज यांतील बरेचसे कागद संगणकात गेले आहेत. भविष्यनिर्वाह निधीच्या सभासदांना २०१४ पासून एक सार्वत्रिक क्रमांक मिळू लागला; संगणकावर ते खाते परवलीच्या शब्दाने, म्हणजे पासवर्डने, उघडते. कपाटाची जागा शब्दाने घेतली. परंतु तो शब्द कोठे ठेवावयाचा, याचा विचार फार थोड्या घरांत होतो.

स्मरणशक्तीची मर्यादा

परवलीचा शब्द लिहू नये, पाठ करावा, असे पूर्वीपासून सांगितले जाते. हा उपदेश एकच शब्द असताना योग्य होता. पंधरा-वीस खाती असली की मनुष्य एकच सोपा शब्द सर्वत्र वापरू लागतो, आणि खरा धोका येथेच उत्पन्न होतो. २००९ साली रॉकयू या अमेरिकन कंपनीच्या संग्रहातून तीन कोटी वीस लक्षांहून अधिक परवलीचे शब्द बाहेर फुटले. त्यांत सर्वाधिक आढळलेला ‘शब्द’ होता १२३४५६. एका ठिकाणी फुटलेला शब्द चोर इतर शेकडो ठिकाणी लावून पाहतात. म्हणून प्रत्येक खात्यास निराळा शब्द हवा. आणि निराळे शब्द हवे असतील तर ते लिहून ठेवणे क्रमप्राप्त आहे. अमेरिकन सुरक्षातज्ज्ञ ब्रूस श्नायर यांनी २००५ मध्ये असाच सल्ला दिला होता : अवघड शब्द निवडावा, कागदावर लिहावा आणि तो कागद पैशांप्रमाणे जपावा.

शत्रू कोण?

येथे एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. दूर देशी बसलेला चोर रसमड्याच्या घरातील कपाट उघडू शकत नाही. उलट, भ्रमणध्वनीत काढून ठेवलेले वहीचे छायाचित्र त्याच्या हाती लागू शकते. म्हणून दूरच्या चोरापासून कागद अधिक सुरक्षित होय. मात्र जेथे धोका घरातूनच संभवतो, उदाहरणार्थ एखाद्या स्त्रीची खाती तिच्या इच्छेविरुद्ध उघडली जातात, तेथे वही उपयोगाची नाही. अशा व्यक्तीने परवलीचे शब्द कुलूपबंद ठेवणारी संगणकीय तिजोरी वापरावी आणि तिचा एकच मुख्य शब्द पाठ करावा.

वही कशी ठेवावी?

वही साधी असावी व तीवर ‘पासवर्ड’ असे लिहू नये. ती दागिन्यांजवळ, कुलपात ठेवावी. भ्रमणध्वनीसोबत बाळगू नये. प्रत्येक शब्दाच्या शेवटची तीन-चार अक्षरे न लिहिता मनात ठेवली, तर वही चोरीस गेली तरी चोराला अर्धीच किल्ली मिळते. ई-पत्राच्या खात्याचा शब्द सर्वांत जपावा. कारण इतर बहुतेक खात्यांचे विसरलेले शब्द त्याच मार्गाने बदलता येतात. एटीएम आणि यूपीआय यांचे गुप्त क्रमांक मात्र वहीत मुळीच लिहू नयेत. चार अंकांच्या क्रमांकाचे प्रकार अवघे १०,००० असतात. काही चुकीच्या प्रयत्नांनंतर व्यवहार थांबतो, एवढाच त्याचा आधार. एकदाच वापरावयाचा क्रमांक, ज्याला सर्वजण ओटीपी म्हणतात, तो कोणालाही सांगावयाचा नसतो.

चांगला शब्द घडविण्याची एक सोपी रीत अर्नोल्ड राइनहोल्ड यांनी १९९५ मध्ये सुचविली. फासा पाच वेळा टाकावा व आलेल्या पाच अंकांवरून ७,७७६ शब्दांच्या यादीतील एक शब्द घ्यावा. असे चार शब्द जोडले की सुमारे साडेछत्तीस कोटी कोटी जुळण्या संभवतात. निवड फाशाने होते, म्हणून मुलाचे नाव किंवा जन्मतारीख तीत शिरत नाही. असा शब्द दर तीन महिन्यांनी बदलण्याचेही कारण नाही. फुटल्याचा संशय आला तरच बदलावा, असा दंडक अमेरिकेच्या प्रमाणीकरण संस्थेने २०१७ मध्ये स्वीकारला.

दुसरा माणूस

शिवकालीन किल्ल्यावर हवालदार, सरनोबत आणि सबनीस असे समान दर्जाचे तीन अधिकारी असत. एकाच्या फितुरीने किल्ला जाऊ नये, हा त्यामागील हेतू. घरालाही हे तत्त्व लागू पडते. वही एकाच्या हाती असावी. मनातील अक्षरे एका लखोट्यात बंद करून दुसऱ्या विश्वासू व्यक्तीपाशी ठेवावीत. कर्ता पुरुष वा स्त्री अचानक रुग्णालयात दाखल झाल्यास विजेचे देयक, विम्याचा हप्ता, मुलांचे शुल्क यांसाठी घर अडून राहत नाही.

मृत्यूनंतर मात्र वहीचा अधिकार संपतो. दिवंगत व्यक्तीच्या गुप्त क्रमांकाने तिच्या खात्यातून पैसे काढणे हा योग्य मार्ग नव्हे. ते काम नामनिर्देशनाचे आहे. १ नोव्हेंबर २०२५ पासून बँक खात्यास चारपर्यंत व्यक्ती नामनिर्देशित करता येतात. म्हणून वहीच्या पहिल्या पानावर शब्दांऐवजी खाती कोठे आहेत आणि प्रत्येकास नामनिर्देशन झाले आहे किंवा नाही, हे लिहावे. परवलीचा शब्द हरवला तर तो पुन्हा मिळविता येतो. पण खाते होते हेच कोणास ठाऊक नसेल, तर आयुष्यभराची बचत वारसांना दिसतही नाही.