प्रश्न तुमचे : एका आयपीवर शेकडो वेबसाइट, बिघडतं का काही?

प्रश्न : आमचा बेदाण्याचा व्यापार आहे. वेबसाइटचं होस्टिंग रिन्यू करायला आलंय. कंपनीकडून फोन आला, "तुमची साइट शेअर्ड आयपीवर आहे. त्याच आयपीवर आणखी शेकडो साइट आहेत. डेडिकेटेड आयपी घ्या, नाहीतर एसएसएल नीट चालणार नाही आणि गूगलमध्ये मागं पडाल." वरचे पैसे भरावेत का?
— एक वाचक, तासगाव (जि. सांगली)

उत्तर : या दोन कारणांसाठी एक रुपयाही भरू नका. का, ते नीट समजून घ्या, म्हणजे पुढच्या फोनला तुम्हालाच उत्तर देता येईल.

आयपी म्हणजे इंटरनेटवरच्या यंत्राचा आकड्यांतला पत्ता, उदाहरणार्थ २०३.०.११३.१०. आयपीव्ही४ या जुन्या पद्धतीत असे पत्ते होतात जेमतेम ४२९ कोटी, म्हणजे जगातल्या माणसांच्या निम्म्याच्या आसपास. जागतिक साठ्यातले शेवटचे गठ्ठे फेब्रुवारी २०११ मध्ये वाटून संपले. आपण ज्या आशिया-पॅसिफिक विभागात येतो, तिथला साठाही त्याच वर्षी एप्रिलमध्ये तळाला गेला. तेव्हापासून या पत्त्यांना भाव आला. एकाच आयपीवर अनेक साइट ठेवणं ही त्या टंचाईत सगळ्यांचं भागवण्याची रीत आहे.

मग तुमच्या गिऱ्हाइकाला नेमकी तुमचीच साइट कशी दिसते? मार्केट यार्डात एकाच अडत्याकडे वीस शेतकऱ्यांचा माल उतरतो, पण प्रत्येकाचं वक्कल वेगळं आणि त्यावर नाव वेगळं, म्हणून सौद्यात घोळ होत नाही. इथंही काम नावानंच चालतं. ब्राउझर सर्व्हरकडे पान मागतो तेव्हा सोबत 'होस्ट' नावाची एक ओळ पाठवतो आणि तीत तुमचं डोमेन असतं. १९९७ साली आलेल्या एचटीटीपी १.१ या आवृत्तीनं ही ओळ सक्तीची केली. सर्व्हर नाव वाचतो आणि त्या नावाची साइट पुढं करतो. पडताळा घ्यायचा असेल तर कमांड प्रॉम्प्टमध्ये 'पिंग' लिहून पुढं तुमचं डोमेन टाका आणि जो आकडा येईल तो ब्राउझरमध्ये भरा. शेअर्ड आयपी असेल तर बहुधा तुमच्या साइटऐवजी होस्टिंग कंपनीचं कोरं पान किंवा एरर दिसेल. कारण तुम्ही नुसता पत्ता दिलात, नाव दिलं नाहीत.

एसएसएलची गोष्ट एकेकाळी खरी होती. नाव कळायच्या आधीच सर्व्हरला सर्टिफिकेट दाखवावं लागे, त्यामुळे प्रत्येक सुरक्षित साइटला वेगळा आयपी लागायचा. २००३ साली एसएनआय ही सोय ठरली आणि सुरुवातीच्या बोलणीतच नाव सांगता येऊ लागलं. विंडोज एक्सपीवरच्या इंटरनेट एक्सप्लोररला मात्र ती कळत नसे, म्हणून वेगळ्या आयपीची गरज आणखी काही वर्षं टिकली. एक्सपीचा सपोर्ट एप्रिल २०१४ मध्ये संपला. आज लेट्स एन्क्रिप्टचं मोफत सर्टिफिकेटही शेअर्ड आयपीवर व्यवस्थित चालतं.

गूगलमधला क्रमही यावर ठरत नाही. क्लाउडफ्लेअर या मध्यस्थ सेवेच्या मागं लाखो साइट सामायिक पत्त्यांवर आहेत आणि त्यांतल्या कितीतरी शोधात वरच दिसतात.

शेजाराचा त्रास कधीच होत नाही, असंही मी म्हणणार नाही. ऑगस्ट २०२२ मध्ये ऑस्ट्रियात पायरसीच्या काही साइट बंद करायला इंटरनेट कंपन्यांनी क्लाउडफ्लेअरचे आयपीच अडवले आणि त्याच पत्त्यांवरच्या निर्दोष साइटही बंद पडल्या. पण असे प्रसंग क्वचित येतात.

प्रश्न : भिलारजवळ आमचा होमस्टे आहे. बुकिंग पक्कं झाल्याचा मेल पाहुण्यांच्या स्पॅममध्ये जातो. आता तरी डेडिकेटेड आयपी घ्यावा का?
— एक वाचक, महाबळेश्वर तालुका (जि. सातारा)

उत्तर : मेलच्या बाबतीत शेजार खरोखर नडतो. त्याच सर्व्हरवरून कुणी फुकटच्या जाहिराती सोडल्या की तो आयपी स्पॅमहाउससारख्यांच्या काळ्या यादीत जातो आणि तुमचे मेलही अडकतात. तरी आधी घरचं तपासा. स्वतःच्याच जीमेलवर एक बुकिंग पाठवा, मेल उघडून तीन टिंबांवर 'शो ओरिजिनल' दाबा आणि एसपीएफ, डीकेआयएम, डीमार्क या मेल खरोखर तुमच्याच डोमेनचा आहे का ते पाहणाऱ्या तिन्ही तपासण्यांपुढं 'पास' आहे का बघा. फेब्रुवारी २०२४ पासून जीमेलनं याबाबतचे नियम कडक केले आहेत. एखादं 'फेल' असेल किंवा दिसतच नसेल, तर डोमेनच्या डीएनएसमध्ये त्या नोंदी करून घ्या. होस्टिंगवाल्याला हे काम येतं.

तिन्ही 'पास' असूनही मेल अडकत असेल, तर मेलसाठी वेगळी सेवा घ्या. दिवसाला पाच-दहा मेल पाठवणाऱ्यानं स्वतंत्र आयपी घेतला तर उलट अडचण होते, कारण एवढ्या थोड्या मेलवर नव्या पत्त्याची पत तयारच होत नाही. शिवाय साइटचा आयपी वेगळा घेतला तरी मेल त्याच आयपीवरून जातील असं नाही.

मग डेडिकेटेड आयपी घ्यावा कुणी? रोज हजारो मेल स्वतःच्या सर्व्हरवरून पाठवणाऱ्यांनी. किंवा ज्या पतसंस्थेची यंत्रणा बँकेच्या एपीआयला जोडलेली आहे तिनं, कारण बँका ठरलेल्या आयपीवरून आलेलीच मागणी स्वीकारतात. त्यांनीही कंपनीकडून लेखी घ्यावं की सर्व्हरवरून बाहेर जाणारी मागणी त्याच आयपीवरून जाईल.

बाकीच्यांनी तेच पैसे रोजच्या बॅकअपवर घालावेत. आणि दोघांनाही कळकळीनं सांगतो, आजच डोमेन कुणाच्या नावावर नोंदलंय ते पाहा. साइट बनवणाऱ्या मुलाच्या नावावर ते राहून गेलेलं असतं आणि तो गाव सोडून गेला की पंचाईत होते. आयपी उद्या बदलला तरी गिऱ्हाइकाला पत्ताही लागणार नाही. डोमेन हातचं गेलं तर मात्र साइट, मेल आणि वर्षानुवर्षांची ओळख एकदम जाते. ते स्वतःच्या नावावर, स्वतःच्या मोबाइल नंबरावर आणि ईमेलवर करून घ्या.